वर्गणी काढून घेतलेलं जंगल

आजचं बोलणं जरा लांबच्या मुलखाचं आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे, तिथल्या जंगलाची ही गोष्ट. पण गोष्ट ऐकताना तुम्हाला आपल्याच मिटिंगची आठवण येईल. त्यात वर्गणी आहे, ठराव आहेत, इसार आहे, खरेदीखत आहे, आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव कुणाचं हा प्रश्नही आहे.

मागच्या महिन्यात एका गटात जंगलाचा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, “जंगल तर सरकारचं असतं. ते राखायचं तर फॉरेस्टवाल्यांनी राखावं.” आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. भावकीत वाटण्या होतात, कुणाला घर बांधायचं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न असतं. मग ठेकेदार येतो आणि उभं जंगल एकरकमी उचलतो. मालकी कागदावर पक्की असते, त्यामुळे बाकीच्यांनी फक्त बघत बसायचं. कॅलिफोर्नियातही हेच झालं होतं, फक्त आकाराने फार मोठं.

तिथे समुद्रकाठच्या डोंगरपट्ट्यात रेडवुड नावाचं झाड होतं. तांबड्या लाकडाचं, म्हणून रेडवुड. जगातलं सर्वांत उंच झाड तेच. चांगलं वाढलेलं झाड ११० मीटरच्या वर जातं, म्हणजे कुतुबमिनारावर अर्धा कुतुबमिनार ठेवला तरी झाड थोडं उंचच भरेल. वय दोन हजार वर्षांच्या पुढेही जातं. बी मात्र टोमॅटोच्या बियाएवढं. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच. समुद्रावरून धुकं येतं, ते पानांना लागून त्याचे थेंब होतात आणि खाली गळतात. आपल्याकडे पागोळ्या गळतात तसं झाड स्वतःच स्वतःला पाणी घालतं. मुळं खोल जात नाहीत, आजूबाजूला पसरतात आणि शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंततात. एवढी उंच झाडं उभी राहतात ती एकमेकांच्या आधाराने. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा जंगलाचं क्षेत्र सुमारे वीस लाख एकर होतं. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. घरं, पूल, रेल्वेचे स्लीपर, छपरांच्या फळ्या, द्राक्षांच्या वेलींना लावायचे खांब, सगळं रेडवुडचं, कारण हे लाकूड सहजी कुजत नाही आणि त्याला वाळवीही फारशी लागत नाही. दोन हजार वर्षांचं झाड द्राक्षाच्या खांबांसाठी फाडलं जाई. १८७८ साली सरकारने कायदा केला की कुणीही १६० एकर जंगलजमीन एकरी अडीच डॉलरने विकत घ्यावी. कायदा गरीब कुटुंबांसाठी म्हणून केला होता. प्रत्यक्षात लाकूड कंपन्यांनी दुसऱ्यांच्या नावाने अर्ज करायला लावले, खलाशी आणि मजूर उभे करून सह्या घेतल्या आणि हजारो एकर स्वतःकडे वळवले. बेनामी व्यवहार कळायला आपल्याला कुणाचं भाषांतर लागत नाही. अशा रीतीने जंगल कंपन्यांच्या खात्यावर गेलं. त्यापुढे ते वाचवायचं तर दोनच वाटा उरल्या: मालकाकडून विकत घ्यायचं, नाहीतर सरकारला ते घ्यायला लावायचं.

आता या गोष्टीत बायका येतात.

१९०० साली कॅलिफोर्नियातल्या बाईला मत नव्हतं. ते मिळालं १९११ मध्ये. पण शहराशहरांतून बायकांचे क्लब होते. सुरुवातीला ते वाचनाचे आणि चहापाण्याचे होते, हळूहळू गावच्या कामात शिरले. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या कॅलिफोर्निया क्लबच्या अध्यक्ष लॉरा व्हाइट यांना कळलं की कॅलाव्हेरास नावाच्या ठिकाणची महाकाय झाडं एका लाकूड व्यापाऱ्याकडे चालली आहेत. ही जात रेडवुडची बहीणच, उंचीला थोडी कमी पण बुंध्याने अवाढव्य. याच ठिकाणी १८५३ साली एक झाड केवळ तमाशा म्हणून पाडलं होतं, आणि त्याच्या खोडक्यावर लोक नाच करत होते. एवढा त्याचा बुंधा.

लॉराबाईंनी तारा पाठवल्या, पत्रं लिहिली, दिल्लीसारखी त्यांची जी राजधानी, वॉशिंग्टन, तिथे माणसं गाठली. काही आठवड्यांत तिथल्या संसदेने ठराव केला की ही झाडं घेण्यासाठी बोलणी करावीत. बायका खूश झाल्या. पण ठरावात पैशाची तरतूद नव्हती. पैशाशिवाय ठराव म्हणजे काय, ते ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मग वर्षानुवर्षं अर्ज. एका अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या गोळा करून १९०४ साली राष्ट्राध्यक्षांना दिल्या. १९०९ मध्ये कायदा झाला, त्यातही रोख पैसा नव्हताच. लॉराबाई १९१६ मध्ये वारल्या. कॅलाव्हेरासचं पहिलं राखीव उद्यान झालं १९३१ साली. एकतीस वर्षं लागली. मधल्या काळात झाडं उभी राहिली, कारण एवढा गाजावाजा झाल्यावर त्यांना कुऱ्हाड लावायला कुणी धजलं नाही. माझ्या मते त्या सह्यांचं खरं काम हेच होतं.

त्याच वर्षी, १९०० मध्ये, दुसरीकडे कामाला जरा वेगळी सुरुवात झाली. अँड्र्यू हिल नावाचे फोटोग्राफर होते. एका खाजगी जंगलात ते झाडांचे फोटो काढत होते, तर मालकाने त्यांना हाकललं, फोटो काढायचा अधिकार नाही म्हणाला. हिल चिडून घरी गेले आणि त्यांनी ठरवलं की अशी झाडं सगळ्यांची झाली पाहिजेत. त्याच्या थोडं आधी जोसेफिन मॅक्रॅकिन या लेखिकेचं डोंगरातलं घर वणव्यात जळून गेलं होतं. या जोसेफिनबाई धीराच्या. जिवावर उठलेल्या नवऱ्याला सोडून त्या एकट्या उभ्या राहिल्या होत्या. घर गेल्यावर रडत बसण्याऐवजी त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की रेडवुड वाचवा. कॅरी वॉल्टर या कवयित्रीही आल्या. मे महिन्यात ही मंडळी बिग बेसिन नावाच्या दरीत मुक्कामाला गेली, चालत चालत जंगल पाहिलं, आणि शेवटच्या दिवशी एका खडकापाशी टोपी फिरवून वर्गणी काढली. जमले ३२ डॉलर. त्यावर सेम्परव्हायरन्स क्लब ही संस्था उभी राहिली. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा: सदा जिवंत, सदा हिरवं.

३२ डॉलरने जंगल येत नाही. पण ३२ डॉलरने टपालखर्च भागतो, फोटोंच्या प्रती निघतात, राज्याच्या विधानसभेपर्यंत माणूस जाऊन येतो. क्लबने ते केलं. कॅरीबाईंनी लेख लिहिले, हिल यांनी आमदारांपुढे फोटो मांडले, बायकांच्या क्लबांनी आपापल्या गावात ठराव केले. १९०१ साली राज्याने अडीच लाख डॉलर मंजूर केले आणि १९०२ मध्ये सुमारे ३,८०० एकरांचं बिग बेसिन उद्यान झालं. कॅलिफोर्नियातलं आजचं सर्वांत जुनं राज्य उद्यान ते हेच. आपण गटाच्या पहिल्या महिन्याची बचत मोजतो तेव्हा एखादी म्हणतेच, “एवढ्याशा पैशात काय होणार?” तिला ही टोपी सांगावी.

सगळ्यांनाच वर्गणी काढावी लागली असं मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळ विल्यम आणि एलिझाबेथ केंट हे जोडपं राहायचं, पैसेवाले. १९०५ साली त्यांनी ४५ हजार डॉलरला रेडवुडची एक दरी विकत घेतली. पण पुढे एका पाणी कंपनीने तिथे धरण बांधण्यासाठी सक्तीचं भूसंपादन मागितलं. केंट यांनी चलाखी केली. कोर्टात निकाल लागायच्या आत जंगलाचे २९५ एकर त्यांनी केंद्र सरकारला दान करून टाकले. सरकारच्या जमिनीवर कंपनी कशी हात टाकणार? १९०८ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. यात एक गोष्ट शिकण्यासारखी दिसते: जमीन विकत घेतली की ती वाचली असं नसतं. ती कुणाच्या हातात ठेवायची, हेही वेळेवर ठरवावं लागतं.

या सगळ्यात उत्तरेकडची खरी दाट जंगलं राहिली होती. हम्बोल्ट नावाचा जिल्हा, युरेका हे त्याचं मुख्य गाव. तिथे लाकूड हाच धंदा, गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं. १९१७ साली काही शास्त्रज्ञ आणि बडी माणसं नवीन झालेल्या रस्त्याने तिथे गेली. रस्त्याच्या कडेनेच तोड चाललेली पाहून त्यांनी १९१८ मध्ये सेव्ह द रेडवुड्स लीग नावाची ना-नफा संस्था काढली. ही संस्था आजही आहे. तिची पद्धत सोपी: लोकांकडून पैसा जमवायचा, मालकाशी बोलणी करून जंगल विकत घ्यायचं, आणि राज्याच्या उद्यानात घालायचं.

पण बाहेरच्या बड्या माणसांनी येऊन सांगितलं म्हणून युरेकाचे लोक ऐकणार होते थोडेच? ज्याच्या घरी गिरणीचा पगार येतो त्याला जंगल वाचवा म्हटलं तर तो विचारणारच की मग आम्ही खायचं काय. प्रश्न चुकीचा नव्हता. तो प्रश्न गावातल्याच बायकांनी अंगावर घेतला. ऑगस्ट १९१९ मध्ये त्यांनी हम्बोल्ट जिल्ह्याची स्त्रियांची रेडवुड लीग काढली. बाहेरच्या दोन माणसांनी प्रत्येकी १५ हजार डॉलर देऊ केले होते, जिल्ह्याने तेवढीच भर घालावी अशी अट होती. बायका कामाला लागल्या. मोटारीला ‘रेडवुड वाचवा’ अशा पाट्या लावून फिरल्या, सभा घेतल्या. त्यांचं म्हणणं असं होतं की कापलेलं झाड एकदाच पैसे देतं, आणि ते बघायला येणारा प्रवासी दरवर्षी येतो, खानावळीत जेवतो, लॉजवर राहतो. या बायका गरीब घरच्या नव्हत्या. वकील, व्यापारी अशा प्रतिष्ठितांच्या त्या बायका. गिरणीत राबणाऱ्याच्या बायकोला त्या किती विचारत असतील, याची मला शंकाच आहे. पण आपल्याच गावच्या धंद्याविरुद्ध, आपल्याच ओळखीच्या माणसांसमोर उभं राहणं सोपं नसतं. गावात राहून विरोध करायचा म्हणजे रोज त्याच दुकानात मीठ आणायला जायचं असतं.

या लीगच्या पुढारी लॉरा महान. महान हे आडनाव आहे बरं, पदवी नाही. त्या चित्रकार होत्या, नवरा जेम्स वकील. बुल क्रीक नावाचा ओढा नदीला मिळतो तिथे डायरव्हिल म्हणून सपाटी आहे. गाळाची जमीन, आणि तिच्यावर जगातलं उत्तम रेडवुड जंगल. ते पॅसिफिक लंबर कंपनीच्या मालकीचं. ते विकत घेण्याची बोलणी चालू होती आणि तोवर तिथे तोड होणार नाही अशी सगळ्यांची समजूत होती. नोव्हेंबर १९२४ मध्ये नवराबायको तिकडे गेले तर आत झाडं पडलेली. रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूने तोड सुरू झाली होती. जेम्स यांनी गाडी उलटी फिरवली आणि साठ-सत्तर किलोमीटरवरच्या युरेकाला तोड थांबवण्यासाठी धावले. लॉराबाई तिथेच थांबल्या, तोडणाऱ्यांच्या समोर. पन्नाशी उलटलेली बाई, एकटी, चहूकडे कुऱ्हाडी आणि करवतींची माणसं. गावात बातमी पोचली, गवगवा झाला, तोड थांबली.

त्यानंतरही सात वर्षं गेली. कंपनीला भाव हवा होता आणि लीगकडे तेवढे पैसे नव्हते. १९२६ साली रॉकफेलर हे अमेरिकेतले मोठे श्रीमंत गृहस्थ कुटुंबासह तिकडे फिरायला आले, तर लीगच्या माणसांनी त्यांना बुल क्रीकच्या झाडांखाली जेवायला बसवलं. भाषण दिलं नाही, जेवण दिलं. पुढे त्या गृहस्थांनी दोन टप्प्यांत एकूण वीस लाख डॉलर दिले. तरी निम्मा भार उरलाच. मग १९२८ साली राज्यात साठ लाख डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतदानाला आला. त्याची अट आपल्या अनुदानासारखी होती: लोकांनी निम्मे आणावेत, राज्य निम्मे घालेल. आता बायकांना मत होतं. क्लबांनी घरोघर प्रचार केला आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर झाला. १९३१ मध्ये बुल क्रीक आणि डायरव्हिलचं जंगल लोकांचं झालं. आज त्याला रॉकफेलर फॉरेस्ट म्हणतात, सुमारे दहा हजार एकर. जुनं न कापलेलं रेडवुड एवढं सलग दुसरीकडे कुठे राहिलेलं नाही. मोठा पैसा रॉकफेलरांचा, हे खरं. पण ज्या दिवशी करवत चालू होती त्या दिवशी रॉकफेलर तिथे नव्हते. महान दांपत्याच्या नावाची पाटी आज त्या जंगलात आहे.

राज्यभरच्या महिला क्लबांच्या महासंघानेही त्याच भागात एक वेगळं झाडांचं बन घेतलं, सभासदांच्या वर्गणीतून. आपल्या प्रभागसंघाने गटागटांतून गोळा करावं तसं. त्या बनात १९३३ साली त्यांनी एक चूल बांधली. खरंच चूल! चार तोंडांची दगडी, वर छप्पर, चारही बाजूंनी बसून शेकता येईल अशी. तिचा आराखडा ज्युलिया मॉर्गन यांनी केला. कॅलिफोर्नियात वास्तुविशारद म्हणून परवाना मिळालेली ती पहिली बाई. लोक स्मारक म्हणून पुतळे उभे करतात, या बायकांनी चूल उभी केली, हे मला फार आवडलं.

लीगने पैसा जमवण्याची आणखी एक रीत पाडली. कुणी घरचं माणूस गेलं तर त्याच्या नावाने झाडांचा एक भाग घेऊन द्यायचा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या एका अधिकाऱ्याच्या नावाने १९२१ मध्ये असं पहिलं बन झालं, त्यानंतर शेकडो झाली.

इथवर ऐकून वाटेल की जंगल मिळालं, गोष्ट संपली. तसं झालं नाही.

लीगने सपाटीवरचं, ओढ्याकाठचं जंगल घेतलं होतं. उंच झाडं तिथेच होती, लोक बघायला तिथेच येत. वरचे डोंगर उतार दुसऱ्या मालकांचे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाला भाव आला आणि वरचे उतार भराभर बोडके झाले. मग डिसेंबर १९५५ मध्ये मोठा पाऊस आला. वरची माती, दगड, ओंडके सगळं बुल क्रीकमधून खाली आलं. ओढ्याचं पात्र गाळाने वर आलं, पाणी काठ खात गेलं, आणि ज्या झाडांसाठी एक बाई करवतीसमोर उभी राहिली होती त्यांतली शेकडो झाडं मुळासकट कोसळली. मघाशी सांगितलं ना, मुळं उथळ आणि एकमेकांत गुंतलेली. काठावरचं पडलं की मागच्याचा आधार जातो.

पाणलोटाचं काम केलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. माथा ते पायथा हे आपण पाठ केलेलं आहे. तिथल्या शिकलेल्या माणसांना ते कळायला शेकडो झाडं द्यावी लागली. त्यानंतर लीगने आणि राज्याने बुल क्रीकचा वरचा सगळा पाणलोट तुकड्या-तुकड्याने विकत घेतला, बोडके उतारसुद्धा. ज्या जमिनीवर बघण्यासारखं काही नाही, ती घ्यायला पैसे मागणं फार कठीण असतं. पण खालचं जंगल टिकलं ते त्या बोडक्या जमिनींमुळे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. हे जंगल कंपनीच्या खात्यावर जाण्याआधी कुणाचं होतं?

तिथे सिंक्योन, वियोट, युरोक असे अनेक आदिवासी समाज हजारो वर्षं राहत होते. बुल क्रीकचा परिसर सिंक्योनांचा. ते पडलेल्या रेडवुडच्या फळ्यांची घरं करत, खोडं कोरून होड्या करत, नदीतले मासे धरत, गवताळ भागात ठरावीक वेळी हलकी आग लावून रान मोकळं ठेवत. सोन्याच्या पाठोपाठ आलेल्या गोऱ्यांनी त्यांना मारलं. फेब्रुवारी १८६० मध्ये युरेकासमोरच्या बेटावर वियोट लोक सणासाठी जमले होते, तिथे रात्री हल्ला करून त्यांना कापून काढलं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. म्हणजे ज्या युरेकात साठ वर्षांनी बायका जंगल वाचवायला जमल्या, त्याच गावच्या समोर. आणि ज्या बड्या माणसांनी १९१८ मध्ये लीग काढली त्यांतले मॅडिसन ग्रँट हे गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठपणावर पुस्तक लिहिणारे गृहस्थ होते. दोन हजार वर्षांच्या झाडासाठी त्यांचा जीव तुटत होता, पण त्या झाडाखालच्या माणसांसाठी नाही. हे सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक करणं मला पटत नाही. लीगनेही अलीकडे स्वतः हे उघडपणे मान्य केलं आहे.

सॅली बेल ही सिंक्योन मुलगी. समुद्रकाठी तिच्या घरावर गोरे चालून आले तेव्हा ती लहान होती. आई, बाप, आजोबा आणि धाकटी बहीण तिच्या डोळ्यांसमोर मारली गेली. ती रानात पळाली आणि जगली, म्हातारी झाली, आणि तिने हे सांगून ठेवलं. तिच्या नावाचं एक बन होतं. १९८३ साली एका कंपनीने ते तोडायला घेतलं, तेव्हा माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. आपल्याकडच्या चिपकोला तोवर दहा वर्षं झाली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये निकाल लागला की तोडीची परवानगी देताना आदिवासींचा वारसा विचारात घ्यायला हवा होता. १९८६ मध्ये एका दुसऱ्या ना-नफा संस्थेने, ट्रस्ट फॉर पब्लिक लँडने, सुमारे ७,१०० एकर कंपनीकडून विकत घेतले. त्याच वर्षी दहा आदिवासी समाजांनी मिळून इंटरट्रायबल सिंक्योन विल्डरनेस कौन्सिल ही स्वतःची ना-नफा संस्था काढली. पोमो समाजातल्या प्रिसिला हंटर तिच्या संस्थापक अध्यक्ष. १९९७ साली त्या जमिनीतले सुमारे ३,८०० एकर या परिषदेच्या नावावर झाले.

आता सेव्ह द रेडवुड्स लीगकडे येऊ. २०२० साली तिने पस्तीस लाख पन्नास हजार डॉलरला ५२३ एकर रेडवुड जंगल विकत घेतलं. शंभर वर्षांच्या सवयीप्रमाणे ते राज्याच्या उद्यानात जायला हवं होतं. पण लीगने ते सिंक्योन परिषदेला देऊन टाकलं. जानेवारी २०२२ मध्ये ते जाहीर झालं. पैसे घेतले नाहीत. त्या बदल्यात जमिनीवर एक कायमचा करार चढला, की इथे व्यापारी तोड होणार नाही, तुकडे पडणार नाहीत, बांधकाम होणार नाही. आपल्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो ना, तसं समजा. मालक बदलला तरी तो बोजा उतरत नाही. मालकी आदिवासी समाजांची आणि बंधन दोघांनी मिळून पाळायचं.

वीस लाख एकरांपैकी जुनं जंगल आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे. लीगने शंभर वर्षांत दोन लाखांहून जास्त एकर राखले, त्यात कापून पुन्हा फुटलेलं जंगलही आलं. रेडवुडच्या खोडक्याला फुटवा येतो, आपल्या सागाला येतो तसा. ऑगस्ट २०२० मध्ये विजांच्या वणव्याने ते ३२ डॉलरवालं बिग बेसिन जवळजवळ सगळं होरपळलं. पुढच्या वर्षी काळ्या बुंध्यांवर हिरवे झुबके आले होते.

एका मिटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, “मग आपली देवराई कुणाच्या नावावर आहे?” प्रत्येक गावाचं उत्तर वेगळं निघतं. कुठे देवाच्या, कुठे देवस्थानच्या, कुठे सरकारच्या, कुठे चक्क एखाद्या भावकीच्या. तुमच्या गावात काय आहे ते तलाठ्याकडे जाऊन बघा आणि पुढच्या मिटिंगच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. गट नंबर, क्षेत्र, आणि इतर हक्कात काय आहे, एवढं तिन्ही. तिच्या वरचा डोंगर कुणाचा, तेही.

परिषदेला मिळालेल्या त्या ५२३ एकरांना पूर्वी अँडरसोनिया वेस्ट असं नाव होतं. परिषदेने ते बदलून आपल्या भाषेतलं जुनं नाव ठेवलं, त्सिह-लेय-दुन. अर्थ, मासे धावतात ती जागा. तिथल्या ओढ्यात समुद्रातून मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, अंडी घालायला. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात तसे.